लाल टोक डोक्याशी

मित्रांनो, लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात दाराआडच्या कोपऱ्यात जो रंग उडालेला वजनकाटा दिसतो, तो मीच. पारडं माझं झिजलं आहे, पण काटा अजून बरोबर शून्यावर येतो.

लहान मुलांचं औषध किलोमागे मोजतात. माझी चलती होती तेव्हा मला विचारल्याशिवाय इथे कोणी औषधाचा थेंब भरत नसे. "काटा म्हणेल तेच खरं," असं थोरल्या सिस्टर म्हणायच्या आणि मी फुगायचो.

मग ती आली. रंगीत पट्टी! अत्यवस्थ मुलाला उचलून माझ्यावर ठेवायला वेळ नसतो, म्हणून तिला त्याच्याशेजारी अंथरतात. लाल टोक डोक्याशी धरायचं आणि टाच ज्या रंगावर येईल त्यावरून वजनाचा अंदाज घ्यायचा. तोलतो मी, अंदाज बांधते ती, आणि कौतुक तिचं! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी झटके येत असलेली तान्ही पोर आणली. नव्या डॉक्टरबाईंनी घाईत पट्टी उलटी अंथरली. लाल टोक पायांपलीकडे गेलं.

"पिवळा. बारा किलो!"

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी फजिती झाली सटवीची! आणि मग लक्षात आलं, औषध पट्टीला नाही, पोरीला टोचणार होते. तेही दुप्पट. तिचा श्वासच थांबला असता. मला ओरडताही येईना.

इथली एक रीत आहे. एकाने सांगितलेलं दुसऱ्याने मोठ्याने म्हणायचं, मगच औषध भरायचं.

"बारा किलो?" सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी पोरीकडे पाहिलं. "अहो, ही कुठली बाराची! थांबा, पट्टी उलटी ठेवली मी." त्यांनी पट्टी फिरवली. "गुलाबी. सहा किलो."

"सहा किलो," म्हणत सिस्टरांनी औषध भरलं. हळूहळू झटके थांबले. दाराशी उभी असलेली आई धावत पोरीजवळ आली.

पोर बरी झाल्यावर तिला माझ्यावर ठेवलं. सहा किलोच्या जरासं वर. मेली पट्टी बरोबर निघाली!

"सिस्टर, काटा जुना दिसतोय. बरोबर सांगतो ना?" आईने विचारलं.

"पट्टीशी जुळतंय की!" सिस्टर म्हणाल्या. घ्या! आता माझ्या खरेपणाची साक्ष ती देणार.

मित्रांनो, मूल ठेवण्याआधी मला शून्यावर आणत जा. तिचीही घडी नीट घाला, लाल टोक वर राहील अशी. माझा हेवा काही जायचा नाही. पण तो करताना माझ्या पारड्यात पाय झाडणारी पोर हवी.