ओली चकती

चिंगीच्या प्रयोगशाळेत शंकासुर नावाचा एक प्राणी होता. आईबापांनी त्याला चांगलंसं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. चहा गोड लागला तरी हा विचारणार, साखरेमुळेच कशावरून? त्याचं टेबल चिंगीच्या टेबलाला खेटून होतं आणि ही आपली साडेसाती कधी संपणार, असा तिला रोज प्रश्न पडायचा.

चिंगी तपासत होती आत्याचा पाला. आत्याच्या गॅलरीत कुंडीतलं ते एक झुडूप. लहानपणी चिंगी गुडघे फोडून घरी आली की आत्या त्याची दोन पानं चुरडून लावायची, वर फुंकर घालायची, की चिंगी पुन्हा उंडारायला मोकळी. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं. औषधी वनस्पतींच्या अर्कांवर संशोधन करायची वेळ आली तेव्हा तिने कुठलं झाड निवडलं, ते सांगायला ज्योतिषी नको.

पहिली परीक्षा झकास पार पडली. जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब पडले आणि जांभळा रंग उतरून पिवळा झाला. म्हणजे पाल्यात अँटिऑक्सिडंट भरपूर. दुसरी परीक्षा जंतूंची. काचेच्या ताटलीत जंतू पसरायचे, वर अर्क लावलेली कागदाची इवलीशी चकती ठेवायची आणि ताटली उबेत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय धरते. अर्कात दम असेल तर चकतीभोवती तेवढं स्वच्छ कडं राहतं.

कडं उमटलं. चिंगीने तिथल्या तिथे आत्याला फोन लावला.

"आत्या, तुझा पाला जंतू मारतो."

"मला काय नवीन सांगतेस?" आत्या म्हणाली, पण तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या हे फोनवरही कळत होतं. "मग त्या डॉक्टरच्या गोळ्या बंद करते आणि टाचेला पालाच बांधते."

चिंगी हसली. आत्याला मधुमेह, त्यात नव्या चपलेने टाच सोलवटली आणि चिघळली, म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं. गोळ्या बंद करायची धमकी आत्या उठताबसता द्यायची. चिंगीने हीसुद्धा हसण्यावारी नेली.

शंकासुर मात्र ती ताटली उजेडाकडे धरून उभा होता.

"अर्क अल्कोहोलमध्ये काढलास ना?"

"हो. आणि नुसत्या अल्कोहोलची चकतीही शेजारी ठेवलीय, तिला कडं नाही. डोळे आहेत ना तुला?"

"ती चकती कधी केलीस?"

"गेल्या आठवड्यात. डबीभर करून ठेवल्यात."

"आणि पाल्याच्या?"

"ताज्या."

"मग पाल्याच्या ओल्या असतील," शंकासुर म्हणाला. "डबीतल्यांतलं अल्कोहोल कधीच उडून गेलं. कडं पाल्याने केलं की ओल्या अल्कोहोलने?"

चिंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचं तोंड बंद करायचं म्हणूनच तिने प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी पाल्याच्या चकत्या खडखडीत वाळवल्या आणि अल्कोहोलच्या ओल्याच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ताटली बाहेर काढली, तर पाल्याच्या चकतीला जंतू अगदी अंगाशी येऊन भिडले होते. कडं होतं ते नुसत्या अल्कोहोलभोवती.

तिला रडू येणार होतं, तेवढ्यात ती धमकी आठवली. तिने फोन लावला.

"आत्या, गोळ्या घेतेस ना?"

"कशाला? तूच तर सांगितलंस."

चिंगी एप्रन न काढताच निघाली. आत्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. पट्टी सोडली तर खाली हिरवा लगदा आणि घोट्यापर्यंत लाली चढलेली.

"चूक माझी झाली," चिंगी म्हणाली. "पाला जंतू मारत नाही, आत्या. निदान माझ्या ताटलीत तरी नाही."

आत्याने गॅलरीतल्या कुंडीकडे बघितलं. "आणि तुझे गुडघे?"

"पोरवयातलं खरचटणं ते. तसंही बरं झालं असतं." चिंगीने एप्रनच्या बाहीने डोळे पुसले. "मला तुझा पाला खोटा पाडायचा नव्हता गं. पण मला तुझा पाय हवाय."

"रडतेस काय अशी? पाणी आण," आत्या म्हणाली. "गोळी कोरडी गिळवत नाही मला. आणि रिक्षा बोलाव, डॉक्टरांच्या शिव्या खायला जाऊ."

डॉक्टरांनी शिव्या घातल्या, दवाखान्यात ठेवून घेतलं, इंजेक्शनं दिली. अजून थोडं थांबला असतात तर पाय गमावला असता, असंही म्हणाले. ते ऐकताना चिंगीने आत्याचा हात घट्ट धरला होता आणि तिच्या डोळ्यांसमोर उजेडाकडे ताटली धरून उभा असलेला तो खडूस माणूस होता. त्याचे उपकार कसे फेडावेत तिला कळेना.

टाच भरल्यावर आत्याने त्याला जेवायला बोलावलं. बेल वाजली तशी चिंगी उठली. आत्याने तिला खाली बसवलं आणि स्वतः चालत जाऊन दार उघडलं.

"ये बाबा. तुझी शंका माझ्या पायाला लागू पडली."

शंकासुर लाजला. त्याने चपला काढल्या, आत्याची टाच नीट निरखून बघितली आणि त्याला राहवलं नाही.

"पण आत्या, गोळ्यांनीच बरी झाली कशावरून? इंजेक्शनंही होती."

चिंगीने कपाळावर हात मारला. आत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि पदराने डोळे पुसत त्याच्यासाठी ताट घ्यायला आत गेली. तिची पावलं स्वयंपाकघरापर्यंत वाजत गेली, आणि चिंगी ती ऐकत बसली.