फाटका पट्टा

कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणत. पण खरा हक्क एकट्या जावयाचा. "आमचे फुकटचे, याचे सासरे," असं पोरं हसून म्हणायची. जावयाला इथं चिकटवलं होतं मामांनीच.

लाकडी घरांच्या भिंती तिथं तयार होत. टेबलावर चौकट ठोकायची, वर प्लायवूड मारायचं, मग दोन पट्टे अडकवून क्रेननं अख्खी भिंत उचलून घोडीत, म्हणजे लोखंडी स्टँडमध्ये, उभी करायची. क्रेनचा रिमोट मामांच्या हातात. लोंबकळणारी भिंत हेलकावू नये म्हणून जावई तिला हातानं धरून सोबत चालायचा. खरं तर लांबून दोरीनं धरायची. पण दोरी कधीच कुठेतरी गहाळ झाली होती.

त्या दिवशी सकाळीच मामांना डाव्या पट्ट्याला चीर दिसली. खिळ्यानं पडली असावी, बोटभर लांब. त्यांनी सुपरवायझरला दाखवली.

"नवे मागवलेत, मामा. आजचा दिवस ढकला."

जुने पट्टे बदला म्हटलं की पंधरा दिवस तो हेच म्हणत होता. मामांनी पट्टा फिरवून चीर वरच्या बाजूला घेतली आणि काम सुरू केलं. अकरा भिंती नीट गेल्या.

बारावी खिडक्यांची होती, जड. घोडीपासून हातभर अंतरावर पट्टा तुटला. भिंतीचं एक टोक खाली आलं आणि जावयाचा पाय घोडीच्या लोखंडाला चेपून बसलं. तो ओरडलासुद्धा नाही. "मामा, वर घ्या, वर घ्या," एवढंच हळू म्हणत राहिला. मामांचा अंगठा बटणावर होता, पण वर घ्यायला पट्टा कुठं होता? शेवटी आठ जणांनी पहारी घालून भिंत उचलली.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी चौकशीला सरकारी साहेब आले. आत जाण्याआधी मॅनेजरनं मामांना बाजूला घेतलं. "पट्टा आतून कुजला होता, वरून काही दिसत नव्हतं, असं सांगा. तुमच्यावर काही येणार नाही, आमच्यावरही नाही."

मामांनी मान डोलावली. पण साहेबांनी तुटका पट्टा टेबलावर ठेवून विचारलं तेव्हा त्यांना खोटं रेटवेना.

"चीर मी सकाळीच पाहिली होती. सांगितलीही होती. तरी उचलल्या भिंती."

सुपरवायझर जमिनीकडे बघत म्हणाला, "मला कुणी काही बोललं नाही."

साहेबांनी स्टोअर उघडायला लावलं. तिथले आणखी सात पट्टे फाटके निघाले. लाइन दोन दिवस बंद राहिली, पट्टे बदलले. अहवालात मॅनेजरचंही नाव आलं. नोकरी मात्र मामांची गेली.

लेकीला त्या चिरेचं त्यांनी स्वतःच सांगितलं, इस्पितळाच्या जिन्यात.

"त्या पट्ट्यानं किती उचलल्या?" तिनं विचारलं.

"अकरा."

"आणि बाराव्या वेळी नको म्हणायला काय झालं होतं, बाबा?"

"लाइन थांबली असती."

"थांबू द्यायची होती." ती जिना चढून गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

जावई घरी आला तेव्हा ती शिवणकामाच्या कारखान्यात जाऊ लागली. दिवसभर त्याच्याजवळ मामा. अंघोळ, मलमपट्टी, खुर्चीत बसवणं, सगळं तेच करत. एका दुपारी बँडेज सोडताना जावई अचानक म्हणाला, "मामा, चीर मलाही दिसली होती."

मामांचे हात थांबले. "कधी?"

"सातव्या की आठव्या भिंतीला. तुम्ही फिरवून वर घेतली होतीत ना, तीच."

"मग बोलला का नाहीत?"

"रिमोट तुमच्या हातात. सगळ्यांसमोर सासऱ्याला थांबा कसं म्हणायचं?"

मामांनी नवी पट्टी गुंडाळायला घेतली.

"तिला सांगितलंय?"

"नाही. सांगू?"

"नका सांगू," मामा म्हणाले. "तिला तुमच्याबरोबर जन्म काढायचाय. राग माझ्यावरच असू दे."

पाचच्या सुमाराला लेक आली. तिनं चपला काढल्या, नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि वडिलांकडे न बघता विचारलं, "पट्टी बदलली?"

"बदलली," मामा म्हणाले, आणि घरी जायला उठले.