मग हळद कोणाची?

धान्याच्या कणगीमागे भिंतीवर हळदकुंकवाची बोटं सापडली आणि पुंजाजींनी माझ्या बहिणीला, पंचफुलाला, घराबाहेर काढायचं ठरवलं.

पुंजाजी म्हणजे तिचे सासरे, चांदूर रेल्वेजवळच्या गावातल्या बौद्ध मंडळींचे पुढारी. छप्पन्नच्या दीक्षेनंतर त्यांनी घरातले देव स्वतःच्या हातांनी नदीत सोडले. अडचण एकच होती. पंचफुला अधूनमधून दातखीळ बसून खाली पडायची. पूर्वी लोक म्हणत, मरीमाय अंगात आली. तिला कुंकू लावत, नारळ फोडत, पाऊस कधी येईल ते विचारत. तिनं एकदाही उत्तर दिलं नाही, कारण बिचारीला शुद्धच नसायची! दीक्षेनंतर देवी गेली, पडणं काही गेलं नाही. मग तेच गाव कुजबुजू लागलं, हिनं चोरून देवी ठेवली आहे. लोकांच्या जिभेला हाड नसतं.

त्यात आता ही हळद. पंचफुलाचा नवरा देवमन बापासमोर मान वर करायला तयार नव्हता.

"जाईन ते एकटी," पुंजाजींनी बजावलं. "पोरगं इथंच राहीन."

मी अमरावतीत नगरपालिकेच्या शाळेत शिकवते. तिथल्या दवाखान्यात मुंबईच्या विद्यापीठाचे एक डॉक्टर मेंदूचं यंत्र घेऊन आले होते. अंगात येतं त्या बायांच्या मेंदूत काय चालतं, यावर त्यांचं संशोधन होतं. मी पुंजाजींना गाठलं.

"मामाजी, रोग निघाला तर ठेवाल ना तिला?"

"रोग निघाला तं घरची सून. नाई निघाला तं तुमी आन तुमची देवी, मास्तरीनबाई."

सासू इंदूबाई हट्टानं सोबत आल्या. मोटारीत सारा वेळ त्यांचा हात कमरेच्या कनवटीवर होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. हळद हिनंच लावली असणार, सुनेला घालवायचा डाव असणार.

दवाखान्यात पंचफुलाच्या डोक्याला तारा चिकटवल्या. यंत्राच्या सुया कागदावर रेघा ओढू लागल्या.

"साहेब, याच्यातून मनातलं समजते काय?" पुंजाजींनी विचारलं.

"नाही."

"मंग काय कामाचं?"

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांसमोर दिव्याची उघडझाप केली, तोच रेघा लाह्या फुटाव्यात तशा उसळल्या. त्यांनी दिवा लगेच बंद केला. त्यांचा चेहरा पडला होता.

"ही सरळ मिरगी आहे. आमच्या अभ्यासाला उपयोगाची नाही. गोळ्या देतो, रोज घ्यायच्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

इथं एका बाईचं घर वाचत होतं आणि या गृहस्थाला देवी न मिळाल्याचं दुःख! मला असा संताप आला की विचारू नका. पण बोलणार कशी, गोळ्या त्यांच्याच हातात होत्या.

पुंजाजी मात्र जागचे हलले नाहीत.

"रोग तं हाये. मान्य. मंग हयद कोनाची?"

"माही नाई, मामाजी," पंचफुला रडायला लागली. "पोराची आन."

"माही हाये," इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी कनवटीची गाठ सोडली आणि मरीमायचा पितळी टाक टेबलावर ठेवला. "तुमी नदीत सोडला नाई. म्या आधीच काढून घेतला होता."

मी उसळले. "आत्याबाई, पोरीला घराबाहेर काढत होते, तेव्हा तुम्ही गप्प काहून बसल्या?"

"सांगतलं असतं तं यायनं टाक फेकला असता. मले वाटे, देवीले देव्हाऱ्यातून काढलं म्हनून ते रागानं पोरीले आपटून राहिली. दर मंगयवारी हात जोडत होती, हिले सोड म्हनून. घरातून गेली असती तरी जित्ती तं राहिली असती."

डाव म्हणे! मी त्या बाईच्या काळजात काय काय पाहिलं होतं आणि तिथं होतं काय.

इंदूबाई डॉक्टरांकडे वळल्या. "साहेब, तुमी एवढे शिकेल. खरं सांगा. तिचा राग नाई ना हा?"

"नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज मऊ होता. "राग कोणाचाच नाही."

"मंग हे तुमच्यापाशी ठेवा," असं म्हणून त्यांनी टाक डॉक्टरांकडे सरकवला.

परतीच्या मोटारीत पंचफुला माझ्या खांद्यावर झोपली. पुंजाजी खिडकीबाहेर बघत होते. आता हे बायकोला काय बोलतील, या भीतीनं मी अंग चोरून बसले होते. इंदूबाईंचा हात सवयीनं पुन्हा पुन्हा कनवटीकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा.

पुंजाजींनी ते पाहिलं. खिशातून गोळ्यांची पुडी काढून त्यांनी बायकोच्या हातावर ठेवली.

"हे बांध तिथं," ते म्हणाले. "आन पोरीले रोज तुह्याच हातानं देजो."