मागच्या चाकांचा सौदा

कारभारींच्या लेकीचं, चांगुणाचं लग्न झालं ते साल एकोणीसशे शेहेचाळीस. वैशाखात दारात मांडव पडला आणि ज्येष्ठात त्याच दारात ट्रॅक्टर आला. त्यामुळे राहुरीजवळच्या त्यांच्या मळ्यावर या दोन गोष्टी पुढे नेहमी जोडूनच सांगितल्या जात.

ट्रॅक्टर छोटाच होता, मोसंबीच्या दोन ओळींमधून जाईल एवढा. लढाई संपल्यावर नगरच्या लष्करी छावणीतला जुना माल लिलावात निघाला. चांगुणाचा नवरा गोरक्ष त्याच छावणीच्या कारखान्यात फिटर होता. इकडे कारभारींच्या जोडीतला एक बैल बुळकांड्याच्या साथीत गेलेला. उन्हाळाभर पाणी तोडून बागेला ताण दिला होता; आता खत घालून, पाणी सोडून, ओल बेताची होऊन वाफसा येताच मशागत करायची. ती वेळ हुकली तर वर्षाचं फळ हातचं जाणार. गोरक्षनं ट्रॅक्टर सुचवला, कारभारींनी मान हलवली. पण त्यांनी मान हलवली म्हणजे विश्वास ठेवला, असा अर्थ घरात कुणी काढत नसे.

कारभारींचा स्वभावच तसा होता. गवळ्यानं स्वतःहून माप काठोकाठ भरून दिलं, तर आजच का भरून दिलं याचा ते दिवसभर विचार करत. लग्नात वाजंत्री दोन घटका जास्त वाजवत बसले, तेव्हा हे मुलाकडच्यांनी पढवलेलं आहे असं त्यांनी बायकोला, आक्काबाईला कोपऱ्यात नेऊन सांगितलं होतं. त्यावर आक्काबाई म्हणाली होती, “देवानं पाऊस पाडला तरी तुमी इचाराल, ह्यात तुझा काय फायदा?”

ट्रॅक्टरची मागची दोन्ही चाकं फुटकी होती. लोखंडी चाकं बसवावीत, तर मोसंबीची मुळं वरवरच असतात, ती कापली जातील. तेव्हा रबराची चाकं हवीत असं गोरक्षचं म्हणणं पडलं, आणि सासरे-जावई नगरला गेले.

माळीवाड्याच्या पलीकडे नृसिंहपंतांचं आवार होतं. हे पंत आधी छावणीच्या गोदामात कारकून होते. आता लिलावातला माल घेऊन विकत. आवारात टायरांचे ढीगच्या ढीग पडलेले. त्यांतून मापाच्या दोन जोड्या निघाल्या. एका जोडीवर रबराच्या जाड, उंच पट्ट्या होत्या, गव्हाच्या ओंबीतल्या दाण्यांसारख्या दोन्ही बाजूंनी तिरप्या. पण उन्हात पडून तिच्या कडांना बारीक भेगा गेल्या होत्या. दुसरी जोडी काळीभोर, तकतकीत, डांबरी सडकेवर चालणाऱ्या गाडीची. तिच्यावर नुसत्या बोटभर खाचा.

गोरक्षनं ओंबीवाली जोडी पसंत केली. भेगा वरवरच्या आहेत, आतलं कापड शाबूत आहे, आणि ओल्या रानात चाकाला धरायला काहीतरी लागतं, असं त्यानं समजावलं. कारभारींनी ऐकून घेतलं. बैलाचा खूर बघावा तसं त्यांनी दोन्ही जोड्यांवरून हात फिरवला, वाकून वास घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग आवाराच्या मागे तोंड धुवायला गेले.

परत येताना ते भिंतीशीच थबकले. नृसिंहपंत आणि गोरक्ष समोरासमोर उभे होते. दोघांच्या हातांवर पंतांचं उपरणं पडलेलं, आणि त्या कापडाखाली बोटं हलत होती. पंत हळू आवाजात काही विचारत होते, गोरक्ष ओठ दाबून मान हलवत होता. कारभारींची चाहूल लागताच गोरक्षनं उजवा हात झटकन मागे घेतला. त्याला तेलकट फडकं गुंडाळलेलं होतं.

घोडेगावच्या बैलबाजारात ज्यानं पायधूळ झाडली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. तिथं दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. किती बोटं दाबली ते तिसऱ्याला कळत नाही. कारभारींनी तीस वर्षं असेच सौदे केले होते आणि त्याच कापडाखाली दोनदा नाडलेही गेले होते. आपला जावई भेगाळलेला माल सासऱ्याच्या गळ्यात मारून मधल्यामध्ये दलाली खातो आहे, हे त्यांना दिवसाउजेडी दिसलं. लग्नाला अजून दोन महिने झाले नव्हते.

ते पुढे आले. काळ्या तकतकीत जोडीवर काठी टेकवून म्हणाले, “ही बांदा.”

“मामा, ही रानात फिरंल जागच्या जागी,” गोरक्ष म्हणाला.

“फिरू द्या. आमाला नवं कळतं आन् जुनंबी कळतं.”

गोरक्षनं पंतांकडे पाहिलं, पंतांनी त्याच्याकडे. त्या पाहण्यानं तर कारभारींची उरलीसुरली शंकाही फिटली. परतीच्या वाटेवर ते जावयाशी चार शब्द बोलले असतील नसतील. त्या रात्री गोरक्ष डाव्या हातानं जेवला, तेव्हा आक्काबाईनं कारण विचारलं. हाताला ग्रीस लागलंय, निघत नाही, असं त्यानं सांगितलं. ही लपवाछपवीही कारभारींनी मनात टिपून ठेवली.

चाकं चढली. बागेत शेणखत पसरून पाणी दिलेलं होतं. खरं तर वाफशाला अजून दोन दिवस हवे होते, पण गोरक्षची रजा संपत आली होती, म्हणून ट्रॅक्टर तसाच आत घातला. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर मागची चाकं गरगर फिरायला लागली. खाचांत चिखल बसून चाकं गुळगुळीत झाली, आणि बघता बघता यंत्र आसापर्यंत खाली गेलं. एका झाडाची मुळं सोलून निघाली.

गोरक्ष इंजिन बंद करून खाली उतरला. गुडघ्यावर बसून चाकापुढची खत-माती एका डाव्या हातानं उपसू लागला. कारभारी बांधावर उभे होते. इतके दिवस दाबून ठेवलेलं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

“जावईबापू, उजवा हात काय सौद्यालाच राखून ठिवलाय?”

गोरक्षनं वर पाहिलं. त्याला पुरतं कळलं नसावं, पण बोलण्यातला काटा कळला. तो दोन्ही हातांनी माती काढू लागला. चार-सहा ओंजळी काढल्या असतील, तोच फडकं चिखलात सुटून आलं. मधली दोन बोटं पेरापासून चेचलेली होती. एकाचं नख नव्हतं. जखम अजून ओली होती आणि तिच्यात शेणमाती भरली होती.

कारभारी बांधावरून खाली आले. हे कधी झालं, असं त्यांनी विचारलं.

“लिलावातून यंत्र काढताना जॅक निसटला, मामा. तुमी म्हनला असता, दारात यायच्या आदीच यंत्रानं रगत घेतलं. मंग तुमी घेतलं नसतं.”

“आन् पंताच्या उपरन्याखाली?”

“पट्टी बांदत हुते. तुमाला दिसू न्हाई म्हनून वरून झाकलं.”

कारभारी खरोखरच म्हणाले असते तसं, आणि यंत्र परतही धाडलं असतं. त्यांनी जावयाचा हात मनगटाशी धरला, त्याला पाण्याच्या पाटावर नेलं आणि हात स्वतः धुतला. चांगुणा हळद-तेल घेऊन धावत आली. तिला हे आधीच माहीत होतं. कारभारींकडे न बघता ती नवऱ्याचा हात बांधत राहिली. सरकारी दवाखान्यात जाऊ, असं कारभारींनी दोनदा म्हटलं. आता काही दुखत नाही, उगाच खाडा होईल, असं गोरक्षनं दोन्ही वेळा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कारभारी एकटेच नगरला गेले. ओंबीवाली जोडी आवारात निराळी काढून ठेवलेली होती. गोरक्षनंच तसं सांगून ठेवल्याचं पंत म्हणाले. “मामा आठ दिवसांत येतील, तोवर कुणाला देऊ नका, म्हणाला. तुम्हांला बोलू नका हेही म्हणाला, पण आता बोललो.” कारभारींनी भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

गोरक्षनं रजा वाढवून घेतली आणि एका हातानं चाकं चढवली. ओंबीचं टोक कुठल्या अंगाला यायला हवं, उलटं बसलं तर चाक चिखल कसं धरून ठेवतं, हे त्यानं सासऱ्याला बोटानं दाखवून शिकवलं. बाकीची बाग दीड दिवसात झाली. ट्रॅक्टर कुठंही अडला नाही.

यंत्र रुतल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी गोरक्षला भाकरी चावता येईना. जबडा धरलाय, म्हणाला. दुपारी मान ताठली. शेजाऱ्याच्या बैलगाडीत गवत घालून कारभारी त्याला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत गाडीला हिसका बसला की त्याचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. डॉक्टरांनी हात बघितला, जखमेत खतमाती गेली होती का, एवढंच विचारलं. कारभारींनी हो म्हटलं. कशी गेली, ते त्यांनी तिथं सांगितलं नाही. घरी येऊन चांगुणाला सांगितलं.

गोरक्ष धनुर्वातानं वारला. तारीख अकरा जुलै एकोणीसशे शेहेचाळीस, वार गुरुवार. त्याचं वय चोवीस होतं.