अर्ध्या काळ्या काचेचा कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. फलटणच्या बाजारात एका नाटकमंडळीने मला विकत घेतले. माझे भाऊबंद गोठ्यांत टांगले गेले आणि मी भुताच्या नाटकात कामाला लागलो!

नाटकात हंबीरराव देवऋषी होत. मला हातात धरून ते पडक्या घरातले भूत शोधत. गडी देखणा, आवाज खणखणीत. पण उजेड दुसऱ्याच्या वाट्याला गेलेला त्यांना खपत नसे. त्यांनी माझी अर्धी काच काजळीने माखली. उजेड फक्त त्यांच्या तोंडावर, बाकीची चार माणसे अंधारात.

त्या चौघांत रंगूबाई होती. दारात उभे राहून भ्यायचे, एवढेच तिचे काम. वीस वर्षे ती मन लावून भ्याली. माझी काच तीच पुसायची, काळी बाजू तेवढी सोडून.

"एकदा तरी माझ्या तोंडावर उजेड टाक रं बाबा," ती मला म्हणे. मला कुठे वळता येत होते!

१९७७ साली मुंबईच्या टीव्हीवर नाटक करायचे बोलावणे आले आणि जायच्या आठच दिवस आधी रंगूबाई तापाने गेली. मला फार वाईट वाटले. हंबीररावांनी तिची जागा भरलीच नाही.

"दारातली बाई आसली काय, नसली काय!" ते म्हणाले.

मुंबईत तालीम पाहून टीव्हीच्या साहेबांनी मान हलवली. "भीतीच वाटत नाही. आणखी एकदा बघतो, नाहीतर राहू द्या." मंडळींचे चेहरे उतरले. पुन्हा असे बोलावणे कुठले यायला!

तेव्हा रंगूबाईची लेक अंबूबाई पुढे झाली. तीही नाटकात होती.

"दादा, भूत तुमी शोधत व्हता, पर लोक भ्यायचे ते आमच्या आईकडं बघून. तुमच्या एकट्याच्या तोंडावर उजेड पाडून काय व्हनार?"

हंबीररावांनी मला जवळ ओढले. मग त्यांनी धोतराच्या सोग्याने माझी काळी बाजू पुसली. चित्रण सुरू झाल्यावर मला एकेका चेहऱ्यासमोर धरले आणि शेवटी मोकळ्या दाराकडे वळवले. वारा नव्हता, तरी माझी ज्योत खाली बसली. दारात कुणी नव्हते. पण काचेवर ओळखीची बोटे फिरल्यासारखे मला वाटले. साहेब मात्र खूश झाले.

पंधरा दिवसांनी, संध्याकाळी, फलटणला टीव्हीसमोर सारी गल्ली जमली. मी हंबीररावांच्या पायाशी होतो. पडद्यावर माझा उजेड दाराकडे गेला आणि बायका किंचाळल्या. दारात एक म्हातारी उभी होती, भरउजेडात, डोळे विस्फारून.

"लय भ्याली गड्या! कोन रं ही?" मागून कुणीतरी विचारले.

अंबूबाईने पदर तोंडाला लावला. हंबीरराव हात जोडून उभे राहिले.

"ती आमची रंगूबाई हाय," ते म्हणाले.

पुढे रोज दिवेलागणीला ते स्वतः माझी काच पुसत, चहूबाजूंनी. आता तेही गेले. मी माळ्यावर धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, तुमच्या हाती लागलो, तर माझी काच सगळीकडून पुसा आणि मला आधी दाराकडे धरा. तिथे आता दोघे उभे असतात. रंगूबाई पुढे, आणि हंबीरराव तिच्या मागे, अंधारात.