शेजाऱ्यांनी घातलेली वाट

हॉलंडच्या ट्वेंटे भागात शेजारी कोण असावा हे माणसाच्या हातात नसतं. बायको निवडता येते, चर्च बदलता येतं, पण पहिला शेजारी आजोबांच्या काळी ठरला तो ठरला. गाय अडली तर त्यानंच धावायचं, पोर जन्मलं तर त्यानंच वाडीभर सांगायचं, आणि कुणी मेलं तर मढं धुण्यापासून खांदा देण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. भांडण असो, अबोला असो, सुटका नाही. डिनीच्या घराला लेफेर्ट पहिला शेजारी होता आणि लेफेर्टच्या घराला डिनीचा नवरा ग्राडुस. मधे एक ओढा आणि ओकची चार झाडं.

आणि दोन्ही अंगणांत एकाच मालाची वाट. तीही शेजारधर्मातच आलेली. डिनी नवी नवरी होती तेव्हा लेफेर्ट गावातल्या पत्र्याच्या कारखान्यात गाडी चालवायचा. छपराचे सिमेंटचे पत्रे कापून उरलेले तुकडे आणि भुगा कारखाना फुकट वाटायचा. त्यात ॲस्बेस्टॉस असतं हे सगळ्यांना माहीत होतं. ते काय करतं हे मात्र कुणी विचारलं नाही. फुकटचं ते पौष्टिक! लेफेर्टनं गाड्यांवर गाड्या आणून वाडीतल्या अंगणाअंगणांत ओतल्या. शनिवारी सगळे फावडी घेऊन जमले. ग्राडुस सगळ्यांत पुढे, भुवया धुळीनं पिठासारख्या झालेल्या, आणि पसरून झाल्यावर बिअर. त्या हिवाळ्यात वाडीतल्या बायका पहिल्यांदा चिखलात न रुतता गोठ्यापर्यंत गेल्या. लेफेर्टची आरती करायची तेवढी बाकी राहिली होती. पोरं त्या तुकड्यांनी दारातल्या फरशीवर चित्रं काढायची, खडूपेक्षा छान उमटायचे. डिनीची लेक मार्लूससुद्धा काढायची, आणि डिनी दारात उभी राहून म्हणायची, "अगं बाई, किती गोड मांजर!"

आता ग्राडुस पुढच्या खोलीत पडून होता. डॉक्टरनं छातीचा फोटो बघितला आणि पहिला प्रश्न विचारला तो दुखण्याचा नव्हे, "राहता कुठे?" असा. गावाचं नाव ऐकल्यावर त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढचं फारसं बोलायची गरज पडली नाही.

त्याच महिन्यात मार्लूसला तिकडे देवेंटर शहरात मुलगी झाली. फोनवर तिनं स्पष्ट सांगितलं, "आई, मी माझं बाळ त्या अंगणातून आणणार नाही. परवाना असलेली माणसं बोलाव. वाट उकरून नेऊ देत, मागच्या खोलीचं त्याच पत्र्यांचं छत काढू देत. हवा तपासून झाली की त्याच आठवड्यात निघते."

"बाबाकडे तेवढे दिवस आहेत का गं?"

"म्हणून तर म्हणते, आजच फोन कर."

ग्राडुसला गाडीत बसवणं आता शक्यच नव्हतं. डिनीला आयुष्याकडून एवढंच हवं होतं की त्यानं नात एकदा हातात घ्यावी. ग्राडुसलाही एकच हवं होतं. "माझ्या बापाला नेलं तसं मला शेजाऱ्यांनी न्यावं. परक्यांनी नाही." दोन्ही मागण्या साध्या होत्या. त्या एकमेकींच्या मुळावर उठतील असं बिचारीला वाटलं नव्हतं.

परवानावाल्यांना फोन झाल्याची बातमी ओढ्यापलीकडे जायला वेळ लागला नाही. लेफेर्ट लाकडी जोडे खडखडवत वाटेवरून आला, जोडे दाराशी काढले आणि स्वयंपाकघरात नेहमीच्या खुर्चीत बसला.

"परवानावाले कशाला गं? आम्ही मेलो काय? शनिवारी येतो सगळे. फावडी आमची, हात आमचे. उकरू, ओढ्याकाठी खड्ड्यात पुरू, वर गवत लावू. कुत्र्यालाही वास लागायचा नाही."

"ते असं हातानं काढायचं नसतं, लेफेर्ट. कायद्यानं बंदी आहे. पाणी मारून, मास्क लावून..."

"घातली तेव्हा कुठे होता मास्क?"

"म्हणून तर तो तिकडे पडलाय."

लेफेर्टनं कप खाली ठेवला. मोठा माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे माझ्या नावानं बिल फाडतेस तर! मी काय विष म्हणून आणलं होतं? तुझ्या नवऱ्यानं मिठी मारली होती मला त्या दिवशी!"

"मी तुला दोष देत नाही रे."

"मग ऐक. तुझ्या अंगणात पांढरे झगे शिरले की उद्या नगरपालिका सगळ्यांच्या अंगणात फावडं घालणार. माझा पोरगा शेती बघायला परत आलाय, त्याच्या मुलीला घेऊन. विषारी म्हणून पाटी लागली की त्या घराची किंमत काय उरेल? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, डिनी. उघडू नकोस."

"मूठ नाही ती. ग्राडुसची छाती आहे."

लेफेर्ट उठला. दारात जोडे घालताना मागे न बघता म्हणाला, "ठीक. जिथून कामाला भाड्याची माणसं आणतेस, तिथूनच खांद्यालाही आण."

भिंतीपलीकडे ग्राडुसला खोकल्याची उबळ आली होती, म्हणून त्यानं हे ऐकलं नाही. डिनीनं त्याबद्दल देवाचे आभार मानले.

माणसं आली. मुकादम रादेक नावाचा पोलिश गडी होता, कमी बोलणारा. त्यांनी घराच्या मागच्या अंगाला धोक्याच्या पट्ट्या बांधल्या, अंगावरची धूळ धुवायला आंघोळीची गाडी उभी केली, झगे चढवले आणि वाटेवर पाणी मारत मारत ती उकरायला घेतली. निघेल ते दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधत गेले. मागच्या खोलीतून काही आणायचं झालंच तर असू दे म्हणून रादेकनं डिनीला झगा, हातमोजे आणि मास्कचं एक बंद पाकीट दिलं. तिला ते लागलं नाही. ते फडताळावर पडून राहिलं.

आणि वाडीनं काय करावं? रस्त्यावर खुर्च्या मांडल्या! थर्मास आणले, केक आणला. लेफेर्टची बायको स्टीने तर विणकाम घेऊन बसली.

"चंद्रावर उतरले बघा!"

"डिनी, जेवायला काय घालतेस गं त्यांना? की नळीनं पाजतेस?"

"रात्री नवऱ्याजवळ जाताना मास्क लावतेस की नाही?"

यावर बायकासुद्धा हसल्या. ज्यांच्या बाळंतपणात डिनीनं रात्री काढल्या होत्या, त्याच बायका.

ग्राडुसनं पलंगावरून मान वळवली. "कोण हसतंय गं?"

"शेजारी आलेत."

"मग बाहेर का? आत बोलाव की."

डिनी गेली. पदरचा सगळा स्वाभिमान गिळून पट्टीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या दारानं या. तिकडे काही धोका नाही. त्याला भेटायचंय तुम्हाला." कुणी खुर्चीतून हललं नाही. लेफेर्टनं केकचा तुकडा तोंडात टाकला. "आम्हाला कुठला परवाना!" म्हणाला. पुन्हा हशा.

आत येऊन तिनं सांगितलं, "कामं आहेत त्यांना. संध्याकाळी येतील."

तेव्हापासून रोजचंच झालं. ग्राडुस डोळे उघडले की विचारायचा, "लेफेर्ट आला होता?" आणि डिनी म्हणायची, "हो, तू झोपला होतास." एकदा मात्र त्यानं तिचं मनगट धरलं. अंगात त्राण नाही, पण पकड होती.

"खोटं बोलतेस. त्याचे जोडे मला झोपेतसुद्धा ऐकू येतात."

डिनीनं दुसऱ्या हातानं त्याचं पांघरूण सारखं केलं. मग ती म्हणाली, "वाट काढली ना आता. वाळू टाकलीय. वाळूवर कसला आवाज येतोय?"

ग्राडुसनं मान उशीवर टाकली. "हां," म्हणाला. "खरंच की." आणि हात सोडला. असलं चोख खोटं आपल्याला सुचावं याची तिला त्या घटकेला भीती वाटली.

हवा तपासून झाली, दाखला मिळाला. मार्लूस रविवारी बाळाला घेऊन निघणार होती. ग्राडुस शुक्रवारी सकाळी गेला. नात हातात न घेता, आणि शेजारी नेणार या खात्रीत.

डिनी स्वतः ओढा ओलांडून गेली. खरं तर घरच्या बाईनं जायचं नसतं, पहिल्या शेजाऱ्यानं आपणहून यायचं असतं. लेफेर्टकडे सूप चाललं होतं.

"ग्राडुस गेला."

स्टीनेचा चमचा थांबला. लेफेर्टचा नाही. "रस्ता मोकळा केलायस ना?" तो म्हणाला. "मग न्यायला अडचण काय?"

शहरातून काळे कोट घातलेली सहा माणसं आणली. त्यातल्या एकानं कबरीपाशी घड्याळ बघितलं. आपल्याकडे कुणाची शवपेटी रस्त्यानं निघाली की वाडीतली प्रत्येक खिडकी पडदा ओढून घेते; मेलेल्याचा तेवढा मान असतो. त्या दिवशी एकही पडदा ओढलेला नव्हता. लोक खिडकीत बसून कॉफी पीत होते. मार्लूस बाळाला छातीशी घेऊन पेटीमागून चालली, त्या नव्या स्वच्छ वाळूवरून.

आणि गंमत ऐका. नगरपालिका आलीच नाही. कुणाच्या अंगणात फावडं लागलं नाही, कुणाच्या दारावर पाटी लागली नाही. ज्या भीतीपायी ग्राडुसला वाळीत टाकलं, ती भीतीच पोकळ निघाली. पण कुणी येऊन "चुकलं" म्हणालं का? नाव नको. डिनीशी बोलायचे बंद झाले होते, ते बंदच राहिले.

पुढच्या वसंतात लेफेर्ट खोकायला लागला. बीटाची काढणी आली तेव्हा तोही संपला. त्याच धुळीनं.

दुपारी स्टीने डिनीच्या दारात आली. डोळे सुजलेले, पण मान ताठ. "पहिली शेजारीण तूच आहेस," ती म्हणाली. "त्यानं मरताना सांगितलंय, परक्याचा हात लावू द्यायचा नाही. धुवायला चल."

डिनीला लेफेर्टचं ते भाड्याच्या खांद्यांचं वाक्य तोंडपाठ होतं. वर्षभर ते तिनं जिभेखाली जपलं होतं. स्टीनेलाही ते आठवत असावं, कारण ती चपराक खायला उभं राहावं तशी उभी होती. पण डिनी शांतपणे म्हणाली, "येते. धर्म म्हणजे धर्म. कपडे बदलते तेवढे."

तिनं फडताळावरचं पाकीट फोडलं.

लेफेर्टच्या अंगणात सगळी वाडी काळे कपडे घालून उभी होती. तिच्यामधून डिनी चालत आली. नखशिखांत पांढरा झगा, हातमोजे, तोंडावर हवा गाळायच्या दोन डब्यांचा मास्क. पायाखाली जुनी वाट करकरत होती. लोक मागे सरून तिला जागा देत गेले. आता उडवा म्हणावं टिंगल!

स्टीनेनं कळवळून म्हटलं, "निदान तोंडावरचं तरी काढ गं. माणूस आहे तो."

"परवान्याशिवाय असल्या कामाला मी हात लावत नाही," मास्कमधून आवाज आला.

तिला घालवता येत नव्हतं. ती धर्म पाळायला आली होती. तिनं मढं धुतलं, आणि अगदी नीट धुतलं. केस, मान, बोटांच्या बेचक्या. लेफेर्टच्या लेकासुनेनं तोंडं फिरवली. डिनीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, का खोटं बोलू? तिला हे सुख हवं होतं, आणि ते मिळालं होतं.

मग तिनं छातीवर फडकं ठेवलं आणि तिला श्वास ऐकू आला. जाड, घरघरता, ओढून घेतलेला. ग्राडुसचा. शेवटच्या रात्रींतला, जसाच्या तसा. तिचा हात थबकला. श्वास तिचाच होता, मास्कमधून परत येणारा. पण एकदा ऐकल्यावर तो थांबवता कसा येणार? सुख गेलं कुठल्या कुठे. समोर एक म्हातारा होता, फुकटच्या मालाच्या आनंदात मित्राच्या गळ्यात पडलेला, आणि मेलेला. तिनं उरलेलं अंग घाईघाईनं पुसलं आणि बाहेर आली.

दारातल्या फरशीवर लेफेर्टची नात बसली होती. मोठ्यांच्या गडबडीत तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वाटेतला राखाडी तुकडा उचलून ती फरशीवर घासत होती. घोडा असावा. मधूनमधून फुंकर मारून भुगा उडवत होती.

डिनी तिच्यापाशी गेली. ती वाकली, हात पुढे केला. "तो दे बाळा मला. त्यानं नाही खेळायचं..."

"हात लावू नकोस माझ्या नातीला!" स्टीने दारातून किंचाळली. "भूत कुठली! बापजाद्यांच्या अंगणात खेळतेय ती. तुझं काम झालं. चालती हो!"

अंगणातली सगळी तोंडं डिनीकडे वळली. तिला सांगता आलं असतं. मास्क काढून, ओरडून, तो तुकडा हिसकावून घेऊन सांगता आलं असतं. तिनं स्टीनेकडे बघितलं, तिच्या मागच्या बायकांकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या कॉफीच्या कपांकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली, आणि हात मागे घेतला.

ओढ्यापर्यंत तिच्या पाठीमागे फरशीवर तुकडा घासल्याचा आवाज येत राहिला. पोरीनं बहुधा दुसरा घोडा काढायला घेतला होता. डिनीनं मागे वळून बघितलं नाही. घरी जाऊन तिनं झगा काढला, रादेकनं दाखवलं होतं तसा उलटा गुंडाळून दोन पिशव्यांत बांधला, आणि हात कोपरापर्यंत धुतले.