माझ्याखाली उभे राहू नका

मी देवळाच्या दारावरचा आडवा दगड बोलतोय. मान वर करून बघा, पण आधी दोन पावलं मागे सरा. थट्टा नाही करत. जन्मभर थट्टाच केली, आता तीच अंगाशी आलीय.

समुद्राकाठच्या आमच्या गावात देवळं, घरं, पायऱ्या, सगळं इथल्याच काळ्या दगडाचं. माणसं तेवढी मऊ, तीही सगळी नाहीत! खाणीतून निघालेला दगड आधी म्हातारा पाथरवट हातोडीनं ठोकायचा. धड दगड 'ठण्ण' वाजतो, पोटात चीर असली की 'बद्द'. म्हाताऱ्याला गावानं नावच पाडलं होतं, ठणठणराव.

माझ्या पोटात चीर होती. हातोडी बसली, मी चक्क बद्द वाजलो. ठणठणराव चारचौघांत म्हणाला, "वा! घंटा आहे घंटा. चढवा वर!"

मी गालातल्या गालात हसलो. म्हातारा ठार बहिरा झाला होता आणि लपवत होता!

वर बसून मग मी धमाल केली. चिरेतली कपची सुटी करायची आणि पुजाऱ्याच्या टकलावर नेम धरायचा. लोक हसायचे, "आला बघा खोडकर दगड!"

पण खारा वारा चिरेत शिरला. चीर बोटभर रुंदावली. आता मी टाकत नव्हतो, कपच्या आपोआप सुटायच्या. लोक मात्र हसतच होते.

त्यातच ठणठणरावाची सून झिजलेला उंबरा घडवायला बसली, नेमकी माझ्याखाली. तिच्या छिन्नीचा एकेक घाव चौकटीतून माझ्या पोटात चढायचा. मी जीव मुठीत धरून बसलो. सुटलो तर थेट तिच्या डोक्यात. तिनं उठावं म्हणून या वेळी मीच मुद्दाम तिच्या डोक्यावर कपची टाकली. तिनं झटकली. आणखी एक टाकली. "गप रे, मेल्या," म्हणाली.

दुपारी म्हातारा तिचा डबा घेऊन आला. एक कपची त्याच्या तळहातावर पडली. कड ताजी, काळीभोर, पोटातली. त्यानं शिडी लावली, मला कपाळ टेकवलं आणि ठोकलं. कान गेले तरी हाडाला कळतं. तो वरूनच ओरडला,

"पोरी, बाहेर हो! आधी बाहेर हो!"

ती धावत अंगणात गेली. म्हातारा शिडीवरून कसाबसा उतरला.

"बद्द आहे गं. तेव्हाही असणार. मला तीन वर्षं ऐकूच येत नाही."

सून जवळ आली, त्याला ओठ दिसतील असं सावकाश बोलली. "मी तेव्हा तिथंच होते, मी ऐकलं होतं, मामंजी. पण तुम्ही घंटा म्हणालात. वाटलं, माझाच कान खोटा."

दोघांनी मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. असं कुणी बघितलं की हसू येत नाही हो.

आता माझ्याखाली दोन लाकडी टेकू आहेत. उद्या उतरवणार म्हणतात. तरी लोक सवयीनं वाकून आत शिरतातच, "टेकू आहेत की!" म्हणत. टेकू करकरतात, ते कुणी ऐकत नाही. इथं सगळेच ठणठणराव!

तुम्ही तरी ऐका. डोक्यावर खडा पडला तर हसू नका, झटकू नका. पळा.

थांबा. हा आत्ता पडला ना, तो मी टाकलेला नाही.